कायद्यातला अनामिक माणूस
अमेरिकेतील राज्यांच्या शस्त्रकायद्यांचे एक वाचन

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांत दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे मृतांचा आकडा आणि दुसरी म्हणजे 'त्या देशात बंदुकीवर कायदाच नाही' अशा अर्थाचे एखादे वाक्य. यातले दुसरे खरे नाही. अमेरिकेत शस्त्रांविषयीचे कायदे आहेत आणि ते भरपूर आहेत. वॉशिंग्टनच्या काँग्रेसने केलेले त्यातले थोडे; बाकीचे पन्नास राज्यांच्या विधिमंडळांनी आपापल्या समजुतीप्रमाणे केलेले. व्हरमाँट राज्यात खिशात पिस्तूल ठेवून हिंडायला परवाना लागत नाही. सीमा ओलांडून शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात शिरले की तीच वस्तू, तोच खिसा आणि तोच माणूस गंभीर फौजदारी गुन्ह्यास पात्र ठरतो.

गेली काही वर्षे मी हे कायदे, त्यांच्यामागच्या हकिकती आणि त्यांच्यावरची निकालपत्रे मिळतील तशी वाचतो आहे. मी वकील नाही. साहित्य वाचताना जी सवय लागते, तीच घेऊन मी या मजकुराकडे गेलो. कथा वाचताना आपण विचारतो, की हे कोण बोलते आहे आणि कोणाविषयी बोलते आहे? हाच प्रश्न कायद्यालाही विचारता येतो. शस्त्रकायद्याच्या वाक्यात बहुधा 'कोणतीही व्यक्ती' असा कर्ता असतो. त्याला नाव नसते, गाव नसते. पण कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी एक माणूस उभा असतो आणि तो कोण हे मजकुरातून, अपवादांतून आणि अंमलबजावणीतून कळत जाते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : अमेरिकी राज्यांनी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शस्त्रांचे जे कायदे केले, त्यांतला हा माणूस बहुतेक वेळा रस्त्यावरचा परका आहे. प्रत्यक्षात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंची मोठी संख्या मात्र घराच्या आत आहे. या कायद्यांचे बरेचसे अपयश या दोहोंमधल्या अंतरात आहे. आणि जिथे कायदा उपयोगी पडलेला दिसतो, तिथे तो अनेकदा कर्त्यांच्या मूळ कल्पनेबाहेर जाऊन उपयोगी पडला आहे.

सत्तावीस शब्द

या सगळ्याच्या वर अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती आहे. १७९१ सालचे हे एकच वाक्य मूळ इंग्रजीत सत्तावीस शब्दांचे आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात सुव्यवस्थित नागरी सेनेचा, म्हणजे 'मिलिशिया'चा उल्लेख येतो. दुसऱ्यात शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्काचा. पहिला भाग दुसऱ्याला बांधून ठेवतो की तो नुसता प्रस्ताव आहे, यावर पिढ्यानपिढ्या वाद झाला. २००८ सालच्या हेलर खटल्यात तर भाषाशास्त्राच्या आणि इंग्रजीच्या काही प्राध्यापकांनी त्या वाक्याच्या व्याकरणावर सर्वोच्च न्यायालयात निवेदन दिले होते. व्याकरणावर माणसांच्या जगण्यामरण्याचा निकाल अवलंबून असण्याचे असे उदाहरण विरळाच. न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ठरवले, की हा हक्क व्यक्तीचा आहे आणि घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे हा त्याचा गाभा आहे. २०१० साली हाच निर्णय राज्यांनाही लागू झाला. म्हणजे राज्यांची लेखणी आता या सत्तावीस शब्दांच्या चौकटीतच चालते. पण त्या आधीची शंभर वर्षे ती पुष्कळ मोकळी होती. तिने काय लिहिले ते पाहण्यासाठी न्यूयॉर्कपासून सुरुवात करू.

एका कादंबरीचे चुकीचे वाचन

२३ जानेवारी १९११ रोजी न्यूयॉर्क शहरात ग्रामर्सी पार्कजवळ डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या कादंबरीकाराला भर दिवसा गोळ्या घालण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. फिलिप्स हा त्या काळातला गाजलेला लेखक आणि पत्रकार. १९०६ साली त्याने सिनेटमधील भ्रष्टाचारावर लिहिलेल्या लेखमालेने खळबळ उडवली होती. पण त्याला मारणाऱ्याचा राग त्या लेखमालेवर नव्हता. फिट्झह्यू गोल्ड्सबरो हा संपन्न, प्रतिष्ठित घरातला, व्हायोलिन वाजवणारा तरुण. फिलिप्सच्या एका कादंबरीतली नायिका आपल्या बहिणीवरून बेतली आहे आणि त्यात आपल्या कुळाची बदनामी आहे, असे त्याने मनाशी पक्के धरले होते. गोळ्या झाडून त्याने तिथेच स्वतःचाही शेवट केला.

शहराच्या शवचिकित्सा कार्यालयातले जॉर्ज ल ब्रून यांनी या घटनेनंतर पिस्तुलांवर नियंत्रण आणण्यासाठी पत्रांची मोहीमच उघडली. टॅमनी हॉल या बलाढ्य राजकीय यंत्रणेचा पुढारी आणि राज्याचा सिनेटर टिमथी सलिव्हन याने विधेयक मांडले. त्याच वर्षी ते मंजूर झाले. हाच तो प्रसिद्ध 'सलिव्हन कायदा'. लपवता येण्याजोगे शस्त्र बाळगायला त्याने परवाना आवश्यक केला आणि परवान्याशिवाय ते लपवून हिंडणे हा गंभीर गुन्हा ठरवला.

आता या कायद्यातला माणूस पाहा. ज्या खुनाने कायद्याला गती दिली, त्यातला मारेकरी याच देशात जन्मलेला, सुशिक्षित आणि श्रीमंत होता. कायद्याच्या मजकुरात मात्र एक स्वतंत्र वाक्य आहे, की अमेरिकेचा नागरिक नसलेल्या व्यक्तीने सार्वजनिक ठिकाणी कधीही शस्त्र बाळगू नये. त्या काळी इटलीतून आणि पूर्व युरोपातून माणसांचे लोंढे न्यूयॉर्कला येत होते आणि गुन्हेगारीची चर्चा निघाली की वर्तमानपत्रांचे बोट त्यांच्याकडे वळत होते. घटनेतला माणूस एक आणि मजकुरातला माणूस दुसराच, असे पहिल्याच पानावर झाले.

१९१३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पिस्तूल लपवून जवळ बाळगण्याचा परवाना हवा असेल, तर अर्जदाराचे नैतिक चारित्र्य चांगले असावे आणि त्याच्याकडे 'योग्य कारण' असावे, अशी अट आली. ही दोन विशेषणे पुढे एकशेनऊ वर्षे टिकली. 'योग्य' म्हणजे काय? न्यायालयांनी त्याचा अर्थ असा लावला, की सर्वसाधारण लोकांपेक्षा वेगळी अशी संरक्षणाची खास गरज अर्जदाराने दाखवली पाहिजे. म्हणजे धोकादायक वस्तीत राहणे हे कारण नव्हे; कारण त्या वस्तीतले सगळेच धोक्यात असतात. जवळ रोकड बाळगणारा व्यापारी मात्र आपली गरज वेगळी दाखवू शकतो. तटस्थ दिसणारे विशेषण असे वागते. गोल्ड्सबरोने अर्ज केला असता, तर निदान 'चांगल्या चारित्र्या'च्या अटीवर त्याला कोणी अडवले असते असे मला वाटत नाही.

याचा पुरावा शंभर वर्षांनी आला. या अटीविरुद्धचा ब्रुएन खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यूयॉर्कमधल्या गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या सरकारी खर्चाच्या वकिलांनी, त्यांतही कृष्णवर्णीय वकिलांनी, राज्याच्या कायद्याविरुद्ध निवेदन दिले. शस्त्रहक्कवाल्या संघटनांशी यांचे एरवी कशातच जमत नाही. पण त्यांचे म्हणणे साधे होते : परवाना कोणाला मिळतो आणि परवान्याविना सापडला म्हणून तुरुंगात कोण जातो, ते आमच्या अशिलांचे चेहरे पाहून सांगा. बंदुकांवर नियंत्रण हवे असे मानणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला हे निवेदन बाजूला सारून पुढे जाता येत नाही.

आपले १८७८

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. लॉर्ड लिटनच्या राजवटीत १८७८ साली दोन कायदे आले. एक देशी भाषांतील वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा आणि दुसरा हत्यारांचा. देशी माणसाच्या हातातली बंदूक आणि देशी भाषेतले छापील अक्षर ही दोन्ही एकाच वर्षी सरकारला धोक्याची वाटली. हत्यारांच्या कायद्यात परवान्याची अट सर्वसाधारण होती. पण सवलतींच्या नियमांनी युरोपियनांना त्यातून बाहेर काढले. तिथेही कर्ता 'कोणतीही व्यक्ती' असाच होता आणि तो खरा कोण हे अपवादांच्या यादीवरून कळत होते. राष्ट्रीय सभेने पुढे वर्षानुवर्षे या कायद्याविरुद्ध ठराव केले, ते या अपमानामुळे. आज आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे. त्यातही परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटेल असे 'चांगले कारण' असावे लागते. न्यूयॉर्कचे 'योग्य कारण' आणि आपले 'चांगले कारण' सख्खी भावंडे शोभतील. फरक असा, की आपल्याकडे शस्त्र ही सवलत आहे आणि तिथे तो हक्क आहे. त्यामुळे आपल्याकडे या शब्दांवर वाद होत नाही. तिथे सव्वाशे वर्षे होतो आहे.

सॅक्रमेंटोच्या पायऱ्यांवर

कॅलिफोर्नियातला १९६७ सालचा मलफर्ड कायदा हे याच वाचनाचे दुसरे उदाहरण. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्षाची स्थापना केली. भरलेली बंदूक उघडपणे बाळगणे त्या राज्यात तेव्हा कायदेशीर होते. पोलिसांच्या गाड्यांमागे काही अंतर ठेवून पँथर हिंडत आणि पोलिसांनी कोणाला अडवले तर हातात बंदूक व कायद्याचे पुस्तक घेऊन बाजूला उभे राहत. डॉन मलफर्ड या रिपब्लिकन आमदाराने सार्वजनिक जागी भरलेले शस्त्र बाळगण्यावर बंदी घालणारे विधेयक आणले. त्याचा निषेध करण्यासाठी २ मे १९६७ रोजी सुमारे तीस पँथर सॅक्रमेंटोच्या विधिमंडळात शस्त्रांनिशी गेले. २८ जुलैला गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी विधेयकावर सही केली. पुढे अशा बहुतेक निर्बंधांना विरोध करणारी नॅशनल रायफल असोसिएशन त्या वेळी या कायद्याच्या बाजूने होती.

मजकुरात वर्णाचा उल्लेख कुठेही नाही. पण तो माणूस कोण, हे त्या उन्हाळ्यात सॅक्रमेंटोत सगळ्यांना ठाऊक होते. इथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडायला हवी. भरलेल्या बंदुका घेऊन लोकांनी शहरात हिंडू नये, हा नियम मला स्वतःला योग्यच वाटतो. वाईट हेतूने केलेला कायदा चांगला असू शकतो का? साहित्यात आपण लेखकाचा हेतू आणि कृतीचे मूल्य वेगळे ठेवतो. कायद्यात तसे पूर्णपणे करता येत नाही, कारण कायदा राबवणारी माणसेही तोच हेतू बाळगून असू शकतात. म्हणून अशा कायद्याकडे मी 'काय म्हटले आहे' आणि 'कोणावर वापरले गेले' अशा दोन्ही प्रश्नांनी पाहतो. यांतला एक प्रश्न सोडला, तर वाचन अर्धवट राहते.

फ्लोरिडाचे तीन मजकूर

एकाच राज्यात बारा वर्षांच्या आत झालेले तीन कायदे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

पहिला २०११ चा. त्याने डॉक्टरांना रुग्णाकडे 'घरात बंदूक आहे का' अशी विनाकारण चौकशी करायला मनाई केली. उल्लंघनाबद्दल दंडाची आणि शिस्तभंगाची कारवाई होऊ शकत होती. माझी भाची अमेरिकेतल्या दुसऱ्या एका राज्यात बालरोगतज्ज्ञ आहे. मूल रांगायला लागले की ती आईवडिलांना ठरलेले प्रश्न विचारते. औषधे कुठे ठेवता, घरामागे पोहण्याचा तलाव आहे का, त्याला कुंपण आहे का, गाडीत मुलाची खुर्ची आहे का, घरात बंदूक आहे का, असेल तर कुलपात आहे का. त्यातला एकच प्रश्न फ्लोरिडात गुन्ह्यासारखा ठरत होता. तलाव चालतो, बंदूक चालत नाही. संघीय अपील न्यायालयाने २०१७ साली या कायद्यातली मुख्य कलमे डॉक्टरांच्या भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केली. शस्त्रहक्काच्या नावाने घराचे दार बोलण्यासाठीसुद्धा बंद करू पाहणारा हा कायदा मला या सगळ्यांत सर्वांत बोलका वाटतो.

दुसरा २०१८ चा. १४ फेब्रुवारीला पार्कलंड गावच्या शाळेत सतरा जण मारले गेले. शाळेचे नाव मार्जरी स्टोनमन डग्लस. या बाई लेखिका. फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्स या पाणथळ प्रदेशावर त्यांनी १९४७ साली लिहिलेल्या पुस्तकाने लोकांची त्या प्रदेशाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १०८ वर्षे जगून १९९८ साली त्या वारल्या. वाचलेले विद्यार्थी राजधानी टॅलाहासीला गेले. चार आठवड्यांच्या आत, ९ मार्चला, गव्हर्नर रिक स्कॉट यांनी सही केली आणि कायद्याला शाळेचेच नाव मिळाले : 'मार्जरी स्टोनमन डग्लस हायस्कूल सार्वजनिक सुरक्षा कायदा'. बंदूक विकत घेण्याचे किमान वय एकवीस झाले, तीन दिवसांची प्रतीक्षा आली आणि धोकादायक ठरणाऱ्या व्यक्तीची शस्त्रे न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याची तरतूद आली. त्याच कायद्याने शाळांतल्या काही कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन शस्त्रे देण्याचीही योजना आणली. बंदूक कमी करणारे आणि वाढवणारे कलम एकाच मजकुरात नांदते आहे, कारण मते जमवायची होती. विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात ते ६७ विरुद्ध ५० असे मंजूर झाले. या तडजोडीत मला खोट दिसत नाही. लोकशाहीतला मजकूर एकहाती नसतो.

तिसरा २०२३ चा. गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी सही केलेल्या या कायद्याने पिस्तूल लपवून बाळगण्यासाठी परवान्याची गरजच काढून टाकली. याच पद्धतीला तिचे समर्थक 'घटनादत्त' हे विशेषण लावतात. आता देशातल्या निम्म्याहून अधिक राज्यांत हीच स्थिती आहे.

तीन कायद्यांतली तीन माणसे अशी : पहिल्यात डॉक्टरच्या प्रश्नापासून ज्याला वाचवायचे आहे तो कुटुंबप्रमुख, दुसऱ्यात बिथरलेला विद्यार्थी आणि तिसऱ्यात स्वतःचे रक्षण करणारा सज्जन नागरिक. हे तिघे एकाच घरात राहू शकतात, ही शक्यता एकाही मजकुराच्या शीर्षकात दिसत नाही.

न्यायालय नावाचा समीक्षक

ब्रुएन खटल्याचा निकाल २३ जून २०२२ रोजी लागला. सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यूयॉर्कचे 'योग्य कारण' गेले. त्याहून महत्त्वाची होती ती न्यायमूर्ती थॉमस यांनी घालून दिलेली वाचनपद्धती. आजचा निर्बंध टिकायचा असेल, तर तो देशाच्या शस्त्रनियंत्रणाच्या ऐतिहासिक परंपरेत बसला पाहिजे. निर्बंधाने जीव किती वाचतात, हा प्रश्न या पद्धतीत उरत नाही.

समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर हा परंपरेचा निकष आहे. तो निरर्थक नाही. पण परंपरेच्या मजकुरात जी माणसे कधी आलीच नाहीत, त्यांना तो पाहू शकत नाही. हे लगेच दिसून आले. कौटुंबिक हिंसेबद्दल न्यायालयाचा मनाई आदेश असलेल्या व्यक्तीला शस्त्र बाळगता येणार नाही, असे एक संघीय कलम आहे. अपील न्यायालयाने २०२३ साली ते घटनाबाह्य ठरवले, कारण त्याला शोभेल असे जुने उदाहरण त्या न्यायाधीशांना सापडले नाही. कसे सापडेल? अठराव्या शतकात बायकोला मारहाण हे नवऱ्याची बंदूक काढून घेण्याचे कारण मानले जात नव्हते. २०२४ सालच्या जून महिन्यात रहिमी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ते कलम वाचवले. जुन्या कायद्याची हुबेहूब जोड असण्याची गरज नाही, दुसऱ्याच्या जिवाला स्पष्ट धोका असलेल्याकडून शस्त्र तात्पुरते काढून घेता येते, असे मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी लिहिले. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती थॉमस यांचे होते. आपणच आखलेल्या पद्धतीशी ते इमानदार राहिले, असे म्हणावे लागेल.

कनेटिकटमध्ये काय झाले

आता घराच्या आत जाऊ. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतले २०,९५८ मृत्यू खुनाचे आणि २६,३२८ आत्महत्यांचे. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रकरणांत मारणारा आणि मरणारा एकच. रस्त्यावरच्या परक्यासाठी लिहिलेल्या कायद्यात या माणसाला जागा कुठे असणार? 'सार्वजनिक सुरक्षा' या जोडशब्दातला पहिला शब्दच त्याला बाहेर ठेवतो.

मार्च १९९८ मध्ये कनेटिकट राज्याच्या लॉटरी कार्यालयात एका कर्मचाऱ्याने चार सहकाऱ्यांना ठार मारून स्वतःला संपवले. पुढच्या वर्षी राज्याने कायदा केला. एखादी व्यक्ती स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा नजीकचा धोका आहे असे पोलिसांनी न्यायाधीशाला पटवून दिले, तर तिची शस्त्रे ताब्यात घेता येतील, चौदा दिवसांत सुनावणी होईल आणि जास्तीत जास्त वर्षभर शस्त्रे ठेवून घेता येतील. देशातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कार्यालयात बंदूक घेऊन येणारा माणूस होता.

ड्यूक विद्यापीठाचे जेफ्री स्वॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कायद्याच्या पहिल्या चौदा वर्षांतली ७६२ प्रकरणे तपासली. निम्म्याहून अधिक प्रकरणांत चिंता आत्महत्येची होती. बायकोने, मुलाने, भावाने पोलिसांना फोन केला होता. त्यांच्या हिशेबाने दर दहा ते वीस जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली. हा आकडा अंदाजाचाच आहे. न घडलेल्या मृत्यूची मोजदाद दुसरी कशी करणार? पण कायद्याचा खरा वाचक कोण निघाला, हे त्यातून दिसते. 'स्वतःला किंवा इतरांना' या शब्दांतले 'स्वतःला' कदाचित पूर्णतेसाठी घातले गेले असेल. त्याच शब्दाने पुढे जास्त काम केले.

याच राज्यात डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हुक शाळेत वीस मुले आणि सहा मोठी माणसे मारली गेली, हे विसरून चालणार नाही. मारेकऱ्याने वापरलेल्या बंदुका त्याच्या आईने कायदेशीरपणे घेतलेल्या होत्या आणि पहिला बळी घरात तिचाच गेला. कायदा पुस्तकात होता. त्याचा वापर करणारा फोन गेला नाही. पार्कलंडच्या मारेकऱ्याबद्दल तर आधी एफबीआयला इशाराही मिळाला होता. म्हणजे असा कायदा आपोआप चालत नाही. घरातल्या कोणाला तरी आपल्या माणसाविरुद्ध बोलावे लागते, आणि ते फार अवघड असते.

आक्षेप

वीसहून अधिक राज्यांत आता असे कायदे आहेत आणि त्यांच्यावरचे आक्षेप खोटे नाहीत. गुन्हा घडण्याआधीच माणसाचा हक्क काढून घेतला जातो. पहिला आदेश अनेकदा त्याची बाजू न ऐकताच निघतो. घरातली भांडणे न्यायालयात खोट्या तक्रारी होऊन येऊ शकतात. ज्या समाजांना पोलिसांची भीती वाटते, तिथे पोलिसांना घरी बोलावणे हाच धोका वाटतो. सलिव्हन आणि मलफर्ड कायद्यांचा इतिहास वाचलेल्याला हा शेवटचा आक्षेप नुसता तर्क वाटणार नाही. म्हणून लवकर सुनावणी, ठरावीक मुदत, पुराव्याचे ओझे अर्जदारावर, या गोष्टी अशा कायद्याचा तांत्रिक तपशील नसून त्याचे चारित्र्य आहेत. कनेटिकटने पुढे कुटुंबीयांना आणि डॉक्टरांना थेट न्यायालयात जाण्याची वाट करून दिली, ती मला योग्य दिशा वाटते.

तरीही दोन प्रकारच्या कायद्यांतला भेद मला महत्त्वाचा वाटतो. 'योग्य कारण' विचारणारा कायदा माणसाची प्रत पाहतो : हा कोण, कुठला, कोणाच्या ओळखीचा. कनेटिकटचा कायदा माणसाची वेळ पाहतो : आज, या आठवड्यात, या घरात काय चालले आहे. पहिल्याचा निकाल माणसावर कायमचा बसतो. दुसऱ्याला मूळ मजकुरात मुदत होती. माणसाची प्रत ठरवू लागले की राज्यसत्ता आपले जुने पूर्वग्रह त्यात ओतते. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया आणि आपला १८७८ चा कायदा, तिघांनीही हेच केले. वेळ पाहणारा कायदा पूर्वग्रहापासून पूर्ण सुटत नाही, पण त्याला चुकीची दुरुस्ती करायला जागा राहते. फ्लोरिडाच्या तीन दिवसांच्या प्रतीक्षेचे मोलही याच कसोटीवर मला कळते. ती कोणाच्याही चारित्र्याविषयी काही म्हणत नाही. सर्वांना सारखेच थांबायला लावते.

आपल्या ओळखीतल्या कितीतरी घरांतली मुले आज त्या देशात शिकतात, नोकऱ्या करतात, संसार थाटतात. त्यांच्याविषयी बोलताना आपल्याला भीती वाटते ती दुकानात, शाळेत, रस्त्यावर बंदूक घेऊन येणाऱ्या अनोळखी माणसाची. ती भीती खोटी नाही. पण त्या मुलांना भेटायला गेल्यावर किंवा फोनवर बोलताना आणखी एक प्रश्न विचारायला हरकत नाही. नातवंडे ज्या मित्राच्या घरी खेळायला जातात, तिथे बंदूक आहे का आणि ती कुलपात असते का? हा प्रश्न विचारण्याचा डॉक्टरांचा हक्क एका राज्याच्या विधिमंडळाने काढून घेतला होता आणि तो परत मिळवायला सहा वर्षे न्यायालयात लढावे लागले. आजी-आजोबांना तो विचारायला कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.